घेण्यास नकार

४ फेब्रुवारी

वहिनी,

वर मायना काय घालावा यातच अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं 'वहिनी' लिहिलं. तेवढं तरी तुम्हाला खोडता येणार नाही.

अक्षर बघून वाटेल की दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलंय. माझंच आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर आता हरभऱ्याएवढ्या गाठी आल्यात, म्हणून पेन अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरावं लागतं. त्यातल्या एका गाठीला मागच्या महिन्यात तोंड पडलं आणि आतून खडूच्या भुकटीसारखं पांढरं निघालं. डॉक्टर म्हणाले, हेच तुमचं युरिक ॲसिड, इतकी वर्षं रक्तात फिरत होतं, आता सांध्यांत मुक्कामाला आलंय. मी म्हटलं, मग जेवणाचं तरी विचारायला हवं. ते हसले नाहीत. कागदावर लिहिलेलं वाचत होते. मूत्रपिंडं निम्मी काम करतात म्हणाले.

हे रडगाणं ऐकवायला लिहीत नाही. लंबूचा फोन आला होता.

परवा, सकाळी दहाच्या सुमारास. डेपोतल्या ऑफिसातून करत होता. तुम्हाला न सांगता केला हे त्यानेच सांगितलं, तेव्हा त्याच्यावर तोंडसुख घेऊ नका. नऊ वर्षांत त्याचा आवाज इतका दादासारखा झालाय की मी रिसीव्हर काढून दुसऱ्या कानाला लावला. त्याला वाटलं लाइन तुटली.

डाव्या पायाचा अंगठा सुजलाय म्हणाला. तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्हीच मीठपाण्यात पाय बुडवून ठेवला असेल. क्लच दाबायला गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी बस थांब्याला लावली, सगळ्यांना उतरवलं आणि पायरीवर बसून राहिला. एक म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "ड्रायव्हर, तूच रडायला लागलास तर आम्ही कुणाकडे बघायचं?" हे सांगताना तो हसला. मलाही हसू आलं. मग त्याने विचारलं, "काका, तुम्हाला पण हेच होतं ना? तुम्ही कुठली गोळी घेता?"

रक्तात नऊच्या वर निघालंय. डॉक्टरांनी सांगितलंय, सूज पूर्ण उतरू दे, मग पंधरा तारखेपासून ॲसिड कमी करायची गोळी, रोज एक, जन्मभर. त्याने चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवलं.

वहिनी, ती गोळी त्याला घेऊ देऊ नका.

का ते विचारू नका. उष्ण पडते. आपल्या घराण्याला मानवत नाही. डॉक्टरांना म्हणावं, दुसरी द्या, दुसऱ्या असतात. त्याला मी फोनवर एवढंच म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, डॉक्टरांनी विचारलं होतं घरात कुणाला औषधाची ॲलर्जी होती का. मी सांगितलं, नाही." त्याचं काय चुकलं? त्याला जे माहीत आहे तेच त्याने सांगितलं.

तुम्ही म्हणाल, हा कोण शहाणा सांगणारा. ज्याने बूट चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यापायी सख्खा भाऊ घालवला तो आता माझ्या पोराला वाचवायला निघालाय. म्हणा. नऊ वर्षांत मी त्या शब्दाला उलट उत्तर दिलं नाही, आताही देत नाही. फक्त पंधरा तारखेच्या आत एवढं करा.

तुमचा दीर

१३ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने तिरकं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. माझं अक्षर बिघडलंय तरी तुम्ही ओळखलंत, याचंही मला बरं वाटलं, इतका मी वेडा झालोय. आता तेच पत्र या पाकिटात घालून रजिस्टर्डने पाठवतोय. पत्ता शेजारच्या टायपिंगवाल्या बाईंकडून टाइप करून घेतलाय.

डेपोत फोन केला होता. तिथला कारकून म्हणाला, लंबू आजारी रजेवर आहे, आणि कुणाचा घरचा नंबर द्यायला बंदी आहे. निरोप सांगा म्हणाला, घरी पोचवतो. मी म्हटलं, सांगा की काकांनी सांगितलंय गोळी घेऊ नको. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. कारकून म्हणाला, "साहेब, निरोप दिला. तो म्हणतो, डॉक्टर म्हणतात घ्यायची, काका म्हणतात नाही घ्यायची, काकांनी कारण सांगितलं तर विचार करतो. आणि आईने बजावलंय, त्या माणसाशी बोलायचं नाही." मग हळूच म्हणाला, "काय कारण आहे, साहेब? सांगा ना, मी पोचवतो." मी फोन ठेवला.

परवा पंधरा आहे. कारण लिहितो.

तुम्हाला आठवतं, दादाला आणि मला बूट करायला लाकडी साचा एकच होता. गिऱ्हाइकांचे साचे फळीवर नंबराने लावलेले. वाकड्या अंगठ्यांचे, सपाट तळव्यांचे, बोटं कापलेल्यांचे, सगळ्या दुखऱ्या पायांचे. आणि खालच्या कोपऱ्यात आम्हा दोघांचा एक, बिननंबराचा. एकमेकांचे बूट घालून बाहेर जायचो. तुम्ही ओरडायचात, "कुणाचा नवरा गेला आणि कुणाचा दीर आला, बुटांवरून कळायची सोय नाही." एका आरीने शिवायचं, एका रापीने कातडं कापायचं, एकाच डब्यातलं खायचं. डोकं दुखलं तर माझ्या खिशातली गोळी त्याला, त्याच्या खिशातली मला. आपल्याकडे कुणी वेगळं औषध आणलंय असं कधी झालंच नाही.

अंगठ्याचं दुखणं आधी मला लागलं. तुम्ही आनंदाने चिडवायचात. कलेजी वाढताना म्हणायचात, "घ्या, भाऊजी, खाई त्याला खवखवे." मी बिअर पिणारा, मी खादाड, तेव्हा ते मला शोभूनही दिसत होतं. डॉक्टरांनी मला गोळी सुरू केली आणि वर्षभरात मी पायांनी नाचायला लागलो. चार वर्षं खाल्ली. अंगावर साधा डाग उठला नाही.

मग दादाचा अंगठा सुजला. ज्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, ज्याला दोनदा मुतखडा झाला आणि त्याची कुणालाच चौकशी करावीशी वाटली नाही, त्या माणसाचा. त्याने पाय बुटातून काढला आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा पाय असावा तसा उलटसुलट करून पाहिला. "तुझंच आलंय माझ्याकडे," म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. म्हणाला, "तुला काय दिलंय?" मी खिशातून पट्टी काढली. तो म्हणाला, "साचा एक, मग औषध वेगळं कशाला?" मीही तेच धरून चाललो होतो, त्याने फक्त बोलून दाखवलं.

त्या दिवसापासून मी त्याला पट्ट्या पुरवत होतो, रोज एक गोळी. माझ्याच ताकदीची, पूर्ण. आता माझे डॉक्टर सांगतात की सुरुवात थोड्या मात्रेने करायची असते, मूत्रपिंडं बघून करायची असते, आणि काही थोड्या लोकांच्या रक्तातच असं काही असतं की ही गोळी त्यांना चालतच नाही. कातडी सोलून निघते. ते रक्तातलं बापाकडून पोराकडे जाऊ शकतं. त्याची तपासणी असते, गोळीच्या आधी करता येते. बाकी हजारोंना ही गोळी तारते, मला तारलं. पायाचा साचा एक होता, पण रक्ताचा नव्हता.

तेव्हा दादाला झालं ते सोल्यूशनने नव्हे. गोळीने. मी दिलेल्या.

डॉक्टरांना हे तेव्हा सांगायचं राहून गेलं. दवाखान्यातली ती गडबड तुम्ही पाहिलीच आहे.

दादाची दवाखान्याची फाइल तुमच्याकडे असेल. लंबूच्या डॉक्टरांना ती आणि हे पत्र दाखवा. माझं जे करायचं ते नंतर करा.

तुमचा दीर

२१ फेब्रुवारी

वहिनी,

रजिस्टर्डही परत. टाइप केलेल्या पत्त्यालाही फसला नाहीत. मागे पाठवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, ते मी विसरलो होतो.

आज एकवीस. म्हणजे सात गोळ्या त्याच्या पोटात गेल्या असतील. काल सकाळी मी निघालो होतो, बसने तुमच्या गावी यायला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला. आता गुडघाही सुजलाय, उजवा घोटाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, माझ्याकडे हत्ती आला तो बसूनच राहिलाय. घरमालकाच्या सुनेने हाताला धरून वर आणलं. म्हणाली, "काका, औषध का घेत नाही तुम्ही? डॉक्टर माझ्याकडे तक्रार करत होते."

मी ती गोळी दादा गेला त्या दिवसापासून तोंडात घातलेली नाही. दुसरीही घेतली नाही. नऊ वर्षं. त्याचंच हे फळ, गाठी आणि मूत्रपिंडं आणि सगळं. मी मनात म्हणायचो की हे प्रायश्चित्त आहे. आज वाटतं, ते नुसतं सोयीचं होतं. माझा अंगठा दुखला काय, मोडला काय, त्यात दादाला काय मिळालं आणि तुम्हाला काय मिळालं? खरं बोलण्यापेक्षा पाय सडवून घेणं मला सोपं गेलं.

हे पत्र तुम्ही घेणार नाही याची आता खात्री आहे. वाचणारं कुणी नाही म्हटल्यावर हात जरा सैल सुटतो. गेल्या पत्रात मी लिहिलं की डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं नव्हतं.

गोळी सुरू केल्याच्या विसाव्या दिवशी दादाला ताप भरला. डोळे लाल, ओठ चुरचुरतात म्हणाला. म्हणाला, "गोळीने तर नसेल?" मी म्हटलं, छे, पायातल्या सुजेचा ताप असेल, मी चार वर्षं खातोय, गोळी चुकवू नकोस. चोविसाव्या दिवशी छातीवर डाग आले आणि आपण त्याला दवाखान्यात नेलं. तुम्ही खाली चिठ्ठी काढायला थांबला होता. तरुण डॉक्टरीण होती, चष्मा डोक्यावर सरकवलेली. तिने आधी दादालाच विचारलं, "महिन्याभरात काही नवीन औषध घेतलंत?" दादाने माझ्याकडे पाहिलं. जीभ सोललेली होती, बोलायला त्रास व्हायचा, पण एवढं त्याला बोलता आलं असतं. तो थांबला, कारण गोळ्या माझ्या होत्या. तेव्हा तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

घाबरलो होतो. दुसऱ्याची औषधं दिली म्हणून पोलीस येतील असं काहीतरी डोक्यात आलं. तुम्ही जिना चढून येत होता, तुमच्यासमोर हे निघेल ही भीती त्याहून मोठी होती. आणि खरंच वाटत होतं की जी गोळी मला चालते ती त्याला मारणार नाही. ती म्हणाली, "कामावर काही केमिकल?" आणि मी बुडत्याने काडी धरावी तसं ते धरलं. सांगितलं, महिन्याभरापूर्वी नवीन सोल्यूशन आणलंय, वास फार उग्र आहे, मीच आणलं. त्यावर तिने दोन दिवस तीच वाट धरली. डबा मागवून घेतला, त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, कुणाला तरी फोन केले.

त्याच संध्याकाळी मी घरी जाऊन गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. चार वर्षांत कधी उलगडला नव्हता. ताप, डोळे लाल, तोंडात फोड, कातडी सोलणे, लगेच गोळी थांबवा. एकेक ओळ दादाची. परत दवाखान्यात जाऊन सांगायला दहा मिनिटं लागली असती. गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो तो गप्प उभा राहायला. एकदा खोटं बोलल्यावर ते निस्तरायला आणखी धैर्य लागतं, आणि माझ्याकडे पहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सने त्याचा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. खिशात पट्टी होती. तिसरी पट्टी, दहा गोळ्यांची, मीच दिलेली. दवाखान्यात आणलं त्या सकाळपर्यंत त्यातल्या चार जायला हव्या होत्या. सहा गेल्या होत्या.

दवाखान्यात पडूनही तो रोज घेत होता. कुणीच त्याला थांबवलं नाही, कारण मी 'नाही' म्हणालो होतो, आणि मी त्याला सांगितलं होतं की चुकवू नकोस. तोंडाची कातडी गेलेली असताना त्याने त्या दोन कशा गिळल्या, मला माहीत नाही. मी कधी कुणाला विचारलं नाही. पट्टी मी पुलावरून खाली टाकली.

सहा दिवसांनी तो गेला. दारातच तुम्ही माझी कॉलर धरलीत आणि म्हणालात, "तुमच्या त्या डब्याने माझा माणूस नेला. मी सांगत होते, वास सोसवत नाही, सांगत होते की नाही?" मी मान खाली घातली. दगडापेक्षा वीट मऊ. तुम्ही विटेने मारत होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे खरं आहे, वहिनी. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोराने दोर ओढायला मदत केली. तुम्ही लंबूला घेऊन गेलात. मला वाटलं, शिक्षा झाली, संपलं.

त्या रागाला मीच खतपाणी घातलं होतं आणि आता त्याच रागापायी तुम्ही पत्र हातात घेत नाही. तुमच्या जागी मी असतो तरी घेतलं नसतं.

हे लिहून झालं आणि आता एक गोष्ट ध्यानात येतेय. दोन्ही वेळा मी पाकीट चिकटवलं. पोस्टमन वाचेल, टायपिंगवाल्या बाई वाचतील, तुमच्या गल्लीतलं कुणी वाचेल, याची लाज. मरणाच्या दारातली गोष्ट आणि मला अजून अब्रूची पडलीय! पाकीट न फोडता परत करता येतं. कार्ड परत करायला आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की डोळ्यांना दिसतंच.

हे पत्र माझ्याकडेच राहील. डेपोचा फोन कालपासून लागत नाही. घरमालकाची सून खाली चाललीय, तिच्याकडून कार्ड मागवतो.

[पोस्टकार्ड]

२१ फेब्रुवारी

वहिनी, लंबूची गोळी आज थांबवा. दादा याच गोळीने गेला. सोल्यूशनने नाही. गोळी मी दिली होती, माझी, डॉक्टरांना न विचारता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नवीन औषध काही? मी नाही म्हणालो. खोटं बोललो. हे बापाकडून पोराच्या रक्तात येऊ शकतं. ताप, लाल डोळे, तोंडात फोड, अंगावर डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात. दादाची फाइल आणि हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. पोस्टमनदादा, बाई घेत नसतील तर हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पाया पडतो.

२७ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड मिळालं. मी घेत नव्हते. तुमचं नाव दिसल्यावर म्हटलं, परत घेऊन जा. पोस्टमन म्हणाला, "बाई, ऑफिसात आम्ही सगळ्यांनी वाचलंय. हे परत नेऊन मला रात्री झोप लागणार नाही." आणि फाटकात उभं राहून त्याने वाचलं. समोरची शिंपीण मशीन थांबवून ऐकत होती. माझी नात पायरीवर बसली होती, तिनेही ऐकलं. तिला काही कळलं नाही.

लंबूच्या नऊ गोळ्या झाल्या होत्या. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं, फाइल चाळली आणि चिठ्ठीवरचं औषध स्वतःच्या हाताने खोडलं. म्हणाले, कमी ताकदीची दिली होती, वेळेवर आलात असं समजू या. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. काल फोन आला. त्याच्या रक्तात ते आहे. अजून काही आठवडे नजर ठेवायची म्हणाले, गोळी थांबवल्यावरही उठू शकतं. अजून काही उठलेलं नाही. मी रोज सकाळी त्याला खिडकीपाशी उभं करून पाठ, छाती, तोंड बघते. चौतीस वर्षांचा घोडा शर्ट काढून उभा राहतो आणि हसतो. मला हसू येत नाही. आता नातीचंही रक्त तपासायचं आहे.

डॉक्टरांनी मला एक सांगितलं, ते तुम्हाला सांगते. त्या दिवशी दवाखान्यात कळलं असतं तर वाचले असते का, असं मी विचारलं. म्हणाले, खात्री देता येत नाही, पण असं औषध जितक्या लवकर थांबेल तितकी आशा जास्त असते. मी नऊ वर्षं एका डब्याला शिव्या दिल्या. लंबूला तुमच्या दोघांसारखं बूट करायला बसायचं होतं. सतरा-अठरा वर्षांचा असल्यापासून फळीवरचे साचे पुसायचा, आठवत असेल. मी त्याला त्या वासापायी बसू दिलं नाही, बसवर पाठवलं. त्याचं काय करायचं?

आणि एक. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी, तुम्ही बाहेर होता तेव्हा, यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. बोलता येत नव्हतं, खिशाकडे हात दाखवला. मी खिशातली पट्टी काढून एक गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि चमच्याने पाणी पाजलं. मला वाटलं, दवाखान्याचीच असेल. घोट उतरेना, तर मी गळा चोळून उतरवला. दोन्ही दिवस. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुमचं कार्ड ऐकताना फाटकात उभी असताना आठवलं.

ती कुठली गोळी होती ते मला कळलंय. तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. कार्डावर नको, पत्रात नको.

लंबूला मी एवढंच सांगितलं की बाबांना हीच गोळी बाधली होती. त्याने लगेच विचारलं, "त्यांना कुणी दिली?" मी म्हटलं, ज्याने दिली तो स्वतः येऊन सांगेल, आणि मी कितीदा दिली ते मी सांगेन.

पाय चालत नसतील तर खुर्चीत घालून आणायला सांगा. रविवारी दुपारी तो घरी असतो.